भिवंडीत आपले स्वागत



आमच्या वाहतूक कोंडीतून तुम्ही वेळेवर पोचलात, याबद्दल आधी अभिनंदन आणि मग मनःपूर्वक स्वागत. शांतता आणि शाश्वत विकासावरची परिषद भिवंडीत कशाला, असे काहींनी विचारले. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी ज्या गावाचे नाव देशभर झाले, त्याच गावात शांतता आणि विकासाचा हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटले.

दंगलीत गेलेली माणसे, जळालेले यंत्रमाग मोजता येतात. 1970 ची चौकशी न्या. मादन आयोगाने केलीच आहे. पण तुटलेला विश्वास मोजता येत नाही, आणि इथला कापडाचा धंदा तर उधारीवर आणि शब्दावर चालतो. व्यापारी सूत देतो, कारखानदार मजुरीवर कापड विणून देतो, पैसे मागाहून. व्यापारी बहुधा मारवाडी किंवा गुजराती, कारखानदार मोमीन किंवा पद्मशाली, मागावर उभा कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचा. दंगल झाली की कारागीर मुलुखाची गाडी पकडतो. महिन्या-दोन महिन्यांनी परततोही. व्यापारी मात्र सूत देताना हात आखडतो. नव्या मागांसाठी बाजूला ठेवलेला पैसा ‘आपल्या’ वस्तीत खोली घेण्यात जातो आणि कारखाना जुन्याच खटाऱ्यावर रेटला जातो. हे नुकसान कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. माझ्या मते सर्वांत मोठे तेच.

1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे सारखे सदस्य, सोबत पोलीस, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुरबुरी तिथल्या तिथे मिटवायच्या. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई दंगलींनी पेटली, भिवंडी शांत राहिली. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांत शांतता आणि न्याय सोळाव्या क्रमांकावर आहेत. आमच्या कारखानदारांना विचारले असते, तर त्यांनी हे उद्दिष्ट पहिल्या क्रमांकावर घातले असते.

कमिटी झाली की काम झाले, असेही नाही. 2006 मध्ये याच गावात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल उसळली आणि दोन पोलिसांचा जीव गेला. तेव्हा आमचे कौतुक बेताने करा. दुपारच्या सत्रात जुन्या कमिट्यांतले सदस्य बोलणार आहेत, त्यांना अडचणीचे प्रश्न जरूर विचारा. जेवणानंतर ज्यांना माग पाहायचे असतील, त्यांनी दाराशी नावे द्यावीत. आत खडखडाटात काही ऐकू येत नाही. कारखानदाराशी बोलायचे ते बाहेर, चहाच्या टपरीवर.