काळजाची काळजी

(कुरखेडा येथे गावकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कावीळ कशी होते, हे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. औषध कसे घ्यावे, तेही दवाखान्यात सांगतात. आज मी त्यानंतरचे बोलणार आहे. औषध संपले. गोळ्यांची डबी रिकामी झाली. मग रक्त तपासले, तर कागदावर आकडा वाढलेला आला. आता काय करावे? माणसाला वाटते, रोग परत आला. रात्री झोप लागत नाही. कोणी बैल विकायला काढतो. कोणी बायकामुलांपासून ताट वेगळे करतो. अशा माणसासाठी आजचे बोलणे आहे.

आधी काळीज म्हणजे काय, ते पाहू. भित्र्या माणसाला आपण म्हणतो, याला काळीज नाही. पण बकऱ्याची जी कलेजी आपण खातो, ते खरे काळीज. डॉक्टर त्याला यकृत किंवा लिव्हर म्हणतात. ते पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे काळीज सव्वा ते दीड किलो भरते. ते पित्त तयार करते, अन्नातली साखर साठवते, रक्तातले विष काढते. दारू असो की औषध, सगळ्यांचा निचरा त्यालाच करावा लागतो.

या काळजाला सूज आली की डोळे पिवळे होतात. त्याला आपण कावीळ म्हणतो. पण काविळीची जात एक नाही. ए आणि ई ही कावीळ घाण पाण्यातून येते. ती बहुधा आरामाने आपोआप बरी होते. मात्र गरोदर बाईला ई कावीळ झाली तर जिवाला धोका असतो. तिला लगेच दवाखान्यात न्यावे. बी आणि सी ही कावीळ रक्तातून येते. एकच सुई अनेकांना टोचली, एकच वस्तरा अनेकांना लावला, गोंदणाची सुई उकळली नाही, तर ती येते. न तपासलेल्या रक्तातून येते. आईकडून बाळाला जाते. नवराबायकोच्या संबंधातूनही जाऊ शकते. ही कावीळ वर्षानुवर्षे अंगात लपून बसते. डोळे पिवळे होत नाहीत. माणूस नांगर धरतो, मोह वेचतो, आणि आत काळीज झिजत असते.

सिनेमातले अमिताभ बच्चन तुम्हाला ठाऊक आहेत. १९८२ साली ‘कुली’ सिनेमाच्या वेळी त्यांना अपघात झाला. त्यांना पुष्कळ लोकांचे रक्त द्यावे लागले. त्यातून बी कावीळ अंगात शिरली. कित्येक वर्षे त्यांना त्याचा पत्ता नव्हता. कळले तेव्हा काळजाचा पाऊण हिस्सा खराब झाला होता. हे त्यांनी स्वतःच लोकांना सांगितले. तरी ते ऐंशी वर्षांचे झाल्यावरही काम करीत राहिले. वेळेवर रक्त तपासा, असे ते सांगत आले आहेत. एवढ्या मोठ्या माणसाला हा रोग होतो, तेव्हा आपल्याला झाला म्हणून लाजण्याचे कारण नाही.

या रोगावर आता औषध आहे. सी काविळीचा विषाणू १९८९ साली सापडला. आज बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात. काहींना २४ आठवडे. १०० माणसांनी नेमाने गोळ्या घेतल्या, तर ९५ च्या आसपास माणसे बरी होतात. २०१८ साली सरकारने यासाठी देशभर कार्यक्रम सुरू केला. ठरलेल्या सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आता त्या आकड्याकडे येऊ. कागदावर दोन नावे असतात. एक एसजीपीटी, दुसरे एसजीओटी. काही कागदांवर त्यांनाच एएलटी आणि एएसटी म्हणतात. हे काय आहे?

समजा, बंडीत धानाची पोती भरली आहेत. एखादे पोते फाटले, तर वाटेवर दाणे सांडतात. दाणे पाहिले की कळते, पोते फाटले. पण उंदराने कुरतडले, काट्याला अडकले, की शिवण उसवली, हे दाणे सांगत नाहीत. काळजाचेही तसेच आहे. त्याच्या बारीक बारीक पेशी असतात. पेशीला इजा झाली की तिच्यातला रस रक्तात सांडतो. तो रस मोजला, की हा आकडा येतो. इजा कशाने झाली, ते आकडा सांगत नाही.

म्हणून आकडा वाढला म्हणजे विषाणू परत आलाच, असे समजू नका. दुसरी कारणे पुष्कळ आहेत.

दारू हे पहिले कारण. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पण मोहाची पहिल्या धारेची घेतली, तर काळजाला ती कळतेच. कावीळ झालेल्या माणसाने दारूला शिवूच नये.

दुसरे कारण औषधे. क्षयाच्या गोळ्यांनी आकडा वाढू शकतो. तापाच्या गोळ्या फार घेतल्या तरी वाढतो. झाडपाल्याच्या औषधानेही वाढू शकतो. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर काळजाला सूज आलेले रुग्ण नोंदवले. सगळ्यांना असे होत नाही. पण ज्याचे काळीज आधीच दुखावले आहे, त्याने जपावे. कोणतीही मुळी किंवा काढा घेत असाल, तर डॉक्टरला सांगा. लपवू नका. मात्र क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरे कारण कष्ट. हा रस हातापायांच्या मांसातही असतो. अंगमोड काम केले, तर काही दिवस आकडा वाढलेला राहतो. रोवणीत दिवसभर वाकलात आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिले, तर आकडा चढलेला दिसू शकतो.

चौथे, आपल्या भागात सिकलसेल आहे. त्यात रक्ताच्या पेशी फुटतात. त्यामुळे एसजीओटी वाढतो आणि डोळेही पिवळसर दिसतात. आणखी एक. पोट सुटलेल्या माणसाच्या काळजात चरबी साचते. साखरेच्या रोग्याचेही तसे होते. त्यानेही आकडा वाढतो.

मग सी कावीळ गेली की नाही, हे कशावरून ठरवायचे? त्याची वेगळी तपासणी आहे. ती रक्तात खुद्द विषाणू शोधते. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी ती करतात. त्या वेळी विषाणू सापडला नाही, तर रोग गेला. बरे वाटते म्हणून पुष्कळ लोक या तपासणीला जातच नाहीत. मग पुढे जन्मभर मनात शंका राहते. असे करू नका. या एका खेपेसाठी मजुरी बुडाली तरी जा.

इथे एक गफलत होते. सी काविळीची पहिली साधी तपासणी बरे झाल्यावरही जन्मभर ‘आहे’ असेच सांगते. जखम भरली तरी वण राहतो, तसे ते आहे. ते पाहून घाबरू नका. बरे झाल्याचा कागद जपून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. मात्र सी कावीळ एकदा गेली तरी घाणेरड्या सुईने पुन्हा होऊ शकते, हे विसरू नका.

बी काविळीचे वेगळे आहे. तिच्या गोळ्या बहुधा पुष्कळ वर्षे चालतात. आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या, तर रोग जोराने उसळतो. त्यात माणूस दगावूही शकतो. डॉक्टरने सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

आता उलटी बाजू ऐका. आकडा चांगला आला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. पोती अगोदरच रिकामी झाली, तर दाणे कुठून सांडणार? ज्याचे काळीज आक्रसून कडक झाले आहे, त्याचा आकडा चांगला येऊ शकतो. अशा माणसाने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. काळजात गाठ झाली, तर ती लवकर सापडते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. मग आपला कागद स्वतः पाहा. आधी तारीख पाहा. मग तुमचा आकडा पाहा. त्याच्या शेजारी, किती असावा, ते छापलेले असते. बहुतेक ठिकाणी ते ४० च्या आसपास असते. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात. तेवढे ओळखायला शिकून घ्या. मागच्या वेळी ३८ आला आणि आता ४६ आला, तर आकाश कोसळले नाही. दुपटीच्या आत असेल, तर डॉक्टरला दाखवा आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. शक्यतो एकाच ठिकाणी तपासा. सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवा. एका कागदापेक्षा चार कागद मिळून जास्त सांगतात.

पण काही खुणा दिसल्या तर थांबू नका. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोट फुगले, पाय सुजले, उलटीत रक्त आले, शौच डांबरासारखी काळी झाली, माणूस बरळू लागला किंवा गुंगीत गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आकडा फारच वाढला असेल, तरीही लवकर जा. डाग देणे, माळ घालणे, यात वेळ घालवू नका.

शेवटी घरच्यांना सांगतो. बी आणि सी कावीळ एका ताटात जेवल्याने होत नाही. एका खाटेवर बसल्याने होत नाही. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा. बी काविळीची लस आहे. ती बाळाला जन्मल्यावर २४ तासांत टोचून घ्या. आजारी माणसाला वेगळे बसवू नका. त्याच्याबरोबर तपासणीला जा, आणि त्याचा कागद त्याला वाचून दाखवा.