लाख नोंदी आणि चाळीस ओळी
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त औराद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी ग्रंथांविषयी बोलायचे सोडून मी संगणकाच्या पडद्याविषयी बोलणार आहे, याबद्दल आरंभीच आपली क्षमा मागतो. परंतु हा विषय वाटतो तितका परका नाही. ग्रंथालयात ग्रंथ असणे ही एक गोष्ट आणि तो वाचकाला सापडणे ही दुसरी. ज्या ग्रंथाची नोंद सापडत नाही, तो कपाटात असूनही नसल्यासारखाच.

काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयासाठी मी हौसेने पायथन भाषेत तालिकेची आज्ञावली लिहून दिली. दोन-तीनशे नोंदी भरून पाहिल्या, तेव्हा सारे सुरळीत चालले. पुढे सगळ्या दाखलनोंदवह्या भरून झाल्या आणि कळ दाबताच खिडकी पांढरी पडू लागली. वाचक ताटकळत उभा राही. थोड्याच दिवसांत ग्रंथपालांनी संगणकावर कापड घातले आणि जुनी नोंदवही पुन्हा मेजावर आली. दोष यंत्राचा नव्हता, ग्रंथपालांचा तर नव्हताच. तो माझा होता. तो कोणता, हेच आज सांगायचे आहे.

हिशेब साधा आहे. समजा, तालिकेत एक लाख नोंदी आहेत आणि प्रत्येकीचे आठ रकाने आहेत: शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष इत्यादी. म्हणजे आठ लाख चौकोन झाले. पडद्यावर एका वेळी मावतात सुमारे चाळीस ओळी, म्हणजे तीनशेवीस चौकोन. मी मात्र आठही लाख चौकोन आधी तयार करून मग पडदा उघडत होतो. लाख नोंदी स्मृतीत ठेवणे आजच्या संगणकाला जड नाही; प्रत्येक चौकोनासाठी स्वतंत्र वस्तू घडवणे आणि रकान्याची रुंदी ठरवण्यासाठी प्रत्येक ओळ मोजत बसणे, हे जड आहे.

आपले जुने तालिकापत्रांचे कपाट आठवा. खण ओढला की बोटांखाली पाच-दहा पत्रे येतात. उरलेली जागच्या जागी उभी असतात. कोणी सगळे खण मेजावर पालथे करून मग पुस्तक शोधत नाही. मी तेच करीत होतो!

पायथनच्या सोबतीला असलेल्या साधनांत या खणाची सोय आहे. पायक्यूटी किंवा पायसाइड वापरणाऱ्यांना ‘क्यूटेबलविजेट’ सोपे वाटते, पण ते प्रत्येक चौकोनाची वस्तू मागते. त्याऐवजी ‘क्यूटेबलव्ह्यू’ घ्यावे आणि नोंदी पुरवणारे ‘मॉडेल’ स्वतः लिहावे. मग पडदा फक्त दोन प्रश्न विचारतो: एकूण ओळी किती, आणि आता दिसणाऱ्या या चौकोनात काय लिहू? न दिसणाऱ्याबद्दल तो विचारीतच नाही. डब्ल्यूएक्सपायथनच्या यादीतही अशी ‘व्हर्च्युअल’ पद्धत आहे. टीकिंटरच्या ‘ट्रीव्ह्यू’त ती नाही, तेथे पानापानाने नोंदी भरण्याचे काम आपणच करावे लागते.

आता त्या चाळीस ओळी आणायच्या कशा? ‘पहिल्या नव्वद हजार सोडून पुढच्या चाळीस दे’ असे एसक्यूलाइटला सांगितले, तर ते नव्वद हजार ओलांडूनच पुढे जाते आणि दर वेळी नव्याने ओलांडते. वाचनखूण न ठेवता दररोज पहिल्या पानापासून पाने मोजीत बसणाऱ्या वाचकासारखी ही गत आहे. त्यापेक्षा ‘ज्या नोंदीवर थांबलो तिच्यापुढच्या चाळीस दे’ असे म्हणावे आणि त्या रकान्यावर इंडेक्स बांधावा. ज्ञानेश्वरीच्या अनेक आवृत्त्या असतात. शीर्षक एकच असल्याने खूण चुकू नये म्हणून शीर्षकाला दाखलक्रमांकाची जोड द्यावी. याहून सोयीचा मार्गही आहे. केवळ दाखलक्रमांकांची क्रमवार यादी एकदाच स्मृतीत घ्यावी आणि बाकीचा तपशील दिसणाऱ्या ओळींपुरता आणावा. त्यामुळे सरकपट्टीही खरे सांगते.

खिडकी पांढरी का पडते? खिडकीवर माणूस एकच असतो. तोच आतल्या दालनात पुस्तक शोधायला गेला, तर बाहेरच्यांना उत्तर कोण देणार? शोधाचे लांबलचक काम वेगळ्या धाग्यावर, म्हणजे मदतनिसाकडे द्यावे. मात्र मदतनिसाने पडद्याला हात लावू नये, सापडलेले खिडकीवरच्या माणसाच्या हाती द्यावे, आणि एसक्यूलाइटशी आपली जोडणी स्वतंत्र ठेवावी. तसेच वाचक नाव टंकीत असताना अक्षरागणिक शोध सुरू करू नये; त्याचा हात क्षणभर थांबला की करावा.

येथवरचे सारे वेगाविषयी झाले. यापुढचे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. असा छापील ग्रंथ हाती असला, की पुढची-मागची पाने चाळता येतात. एखादी नोंद थोडी इकडेतिकडे झाली तरी नजर तिला गाठते. पडद्यावर चाळीसच ओळी दिसतात. तेथे क्रम चुकला, तर ग्रंथ हरवलाच समजा. आणि मराठीचा क्रम संगणकाकडून हमखास चुकतो. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. पायथनला काही न सांगता शब्द लावायला दिले, तर तो ‘काळ’, ‘कावळा’, ‘काहूर’ असे लावतो. आपला वाचक ‘काळ’ शोधतो ‘काहूर’च्या पुढे. तेथे तो दिसत नाही. वाचक म्हणतो, पुस्तक नाही, आणि निघून जातो. यावर उपाय एकच: मराठी वर्णक्रमाप्रमाणे प्रत्येक शीर्षकाची क्रमखूण तयार करून ती वेगळ्या रकान्यात साठवावी आणि इंडेक्स तिच्यावर बांधावा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची जागा कोशपरत्वे बदलते. ती ग्रंथपालांना विचारून आधीच ठरवावी.

औरादसारख्या ठिकाणी तर ही जबाबदारी दुणावते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद म्हैसूर राज्यात आला. सीमा सरकली, माणसांची बोली सरकली नाही. या भागात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. अशा गावच्या तालिकेत सर्व लिप्यांची शीर्षके संकेतक्रमाने लावली, तर आधी उर्दू, मग मराठी, मग तेलुगू आणि सर्वांत शेवटी कन्नड येते. कन्नड वाचकाला हजारो ओळी ओलांडाव्या लागतात. कन्नड वर्णमालेतही ‘ळ’ अखेरीस आहे आणि संगणक तेथेही तीच चूक करतो. म्हणजे शेजाऱ्याचे आणि आपले दुखणे एकच. म्हणून पडदा उघडताच भाषेची निवड समोर असावी, आणि ‘एकूण इतक्या नोंदींपैकी आता या दिसत आहेत’ हे नेहमी लिहिलेले असावे. थोडे दाखवणे हा दोष नाही. थोडे दाखवून तेच सर्व आहे असे भासवणे, हा दोष आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. पायथन त्यानंतर साठ वर्षांनी, १९९१ साली प्रसिद्ध झाली. पण त्या ग्रंथालयाची आज्ञावली मी पुन्हा लिहिली, तेव्हा मार्गदर्शन त्या नियमाचेच झाले. संगणकावरचे कापड निघाले. नोंदवही मात्र ग्रंथपालांनी जपून ठेवली आहे, आणि ते योग्यच केले. लिहिताना झालेली चूक दुरुस्त करायला मूळ हस्ताक्षराकडेच जावे लागते.

ज्यांनी शंभर वर्षे दौत-टाकाने या नोंदी केल्या, त्यांचे श्रम वाचकाच्या नजरेपर्यंत पोहोचवणे एवढेच पडद्याचे काम आहे.