मराठी माझी कोण लागते?

गेल्या महिन्यातली गोष्ट. पुतणी दहावीला आहे. जामसंड्याच्या आमच्या पडवीत ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसली होती. मला म्हणाली, "चाचा, हे 'गेट' म्हणजे नक्की काय हो? 'गेट अप' म्हणजे ऊठ. 'गेट वेल' म्हणजे बरा हो. 'गेट लॉस्ट' म्हणजे चालता हो. आणि 'आय गेट इट' म्हणजे मला कळलं. पाठ तरी किती करायचं?"

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. उत्तर सुचेना. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "भूक नाय लागली तुमका?" आणि उत्तर सापडलं.

मी म्हटलं, "आपलं 'लागणं' बघ. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो. मृग लागतो, श्रावण लागतो, तसाच रमजानही लागतो. कलमाला आंबा लागतो आणि तो गोडही लागतो. दृष्ट लागते, वेड लागतं, वाट लागते. हे तू कधी पाठ केलंस?" ती हसायला लागली. बघा, इथेही ते आलंच!

आमच्या किनाऱ्यावर तर आणखी गंमत. मुंबईची प्रवासी बोट देवगडला येत असे, त्या काळातलं आई सांगते. 'बोट लागली' म्हणजे बोट बंदरात आली. 'मला बोट लागली' म्हणजे पोटातलं सगळं बाहेर आलं. ती बोट गेली, एसटी राहिली. आता फलाटावर गाडी लागते आणि घाटात माणसाला गाडी लागते.

या सगळ्यामागे संस्कृतातला 'लग्' हा धातू आहे. अर्थ चिकटणं, जोडलं जाणं. 'लग्न' हा शब्दही त्याच घरचा. म्हणजे अर्थ पन्नास दिसले तरी गाभा एकच: काहीतरी येऊन आपल्याला भिडतं. म्हणून 'मी भूक लागलो' असं आपण म्हणत नाही. 'मला भूक लागली' म्हणतो. इंग्रज मात्र 'आय गेट हंग्री' म्हणतो. तिथे कर्ता तो स्वतः. आणि 'मी लिहू लागलो' व 'मला लिहावं लागलं' यांतला फरक पाहा. पहिल्यात सुरुवात आहे, दुसऱ्यात सक्ती. क्रियापद तेच.

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात 'लागणें' काढून बघा, साहेबांची किती दमछाक झाली असेल ते कळेल. आणि इंग्रजांचं ते 'गेट' तरी मूळचं कुठलं? समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतलं. आपलं 'बंदर' फारसीतून आलं, 'कलम' अरबीतून. आज त्यांना कोणी गाव विचारत नाही.

मला मात्र विचारलं गेलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका शहरात कवितावाचन झाल्यावर एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "तुम्ही मुसलमान, तरी मराठी किती छान! कुठे शिकलात?" माणूस भला होता, मनात वाईट काही नव्हतं. तरी ते लागलं. मी नुसता हसलो आणि परत आलो.

घरी आईला सांगितलं. आई शाळेची पायरी न चढलेली. मासे साफ करता करता म्हणाली, "मगे सांगलंस नाय, ती माजी कोण लागता ता?"

तेव्हा मी गप्प बसलो. त्या दिवशी पुतणीला 'लागणं' समजावताना ते वाक्य पुन्हा आठवलं. मामा लागतो, चुलता लागतो, तसं नातं सांगायलाही हेच क्रियापद लागतं. ते गृहस्थ कुठे असतील, ठाऊक नाही. हे भाषण त्यांच्या कानी पडलंच, तर उत्तर असं: मराठी मी आमच्या चुलीपाशी शिकलो. जिच्यात मला पहिली भूक लागली आणि पहिली ठेच लागली, ती माझी आई लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)