ओल्या भिंतीची घाई



नवे स्वयंपाकघर म्हटले की आपले लक्ष ओटा, कपाटे आणि फरशीचा रंग यांकडेच जाते. ज्या भिंतीच्या आधाराने हे सारे उभे राहावयाचे, तिची चौकशी कोणी करीत नाही. मीही केली नव्हती. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांनी मला त्याची किंमत मोजावी लागली.

माझे घर करजणला. १८६२ साली डभोईहून मियागामपर्यंत बैलांनी ओढलेली आगगाडी धावली, ते मियागाम आम्हांला लागूनच. पण घर बांधणाऱ्याला इतिहासापेक्षा जमीन अधिक जाचते. आमची जमीन कपाशीची काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून नव्या गिलाव्यावर भेग दिसली की प्रथम ती कोणत्या जातीची हे ओळखावे. केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा गिलावा लवकर सुकल्याच्या. त्या लांबीने भरता येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि रुंदावत जाणारी भेग पायाची असू शकते. तिच्यावर कपाट ठोकून ती झाकणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

माझ्या घरी मेअखेरीस गिलावा झाला. शाळा उघडण्यापूर्वी सारे आटोपावे म्हणून मी दहाव्या दिवशीच सुताराला बोलाविले. आमच्याकडे गवंड्याला कडिया म्हणतात; तो म्हातारा कडिया म्हणाला, “बेन, भींत हजी काची छे.” मी ऐकले नाही. गणपतीच्या सुमारास कपाटातल्या डाळींना कुबट वास येऊ लागला. फळ्या काढल्या, तो मागची बाजू काळ्या बुरशीने भरलेली आणि प्लायवूड पापडासारखे सुटलेले!

चूक कोठे झाली? सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, कारण पाण्याशी संयोग होऊनच सिमेंट घट्ट होते. हे पाणी मारणे संपले म्हणजे भिंत सुकली असे नव्हे. सुकणे तेथून सुरू होते. वरचा थर फिकट दिसतो, आतला दमटच असतो. रंगासाठी साधारणतः चार आठवडे थांबावे असे सांगतात, पण पावसाळी हवेत तो हिशेब पुरत नाही. ताजे सिमेंट क्षारधर्मी असते. शाळेत आपण तेल आणि क्षार यांपासून साबण बनतो असे शिकवितो. ओल्या भिंतीवरील तैलरंगाचे नेमके तेच होते, आणि तो पोपड्यांनी सुटून येतो.

परीक्षा अगदी सोपी आहे. वीतभर चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब दिसले तर थांबावे. शेगडी पेटवून भिंत भाजू नये, भेगा पडतात. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवणे बरे. पांढरा लोणा आला तर तो कोरड्या ब्रशाने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत शिरतो.

काही कामे मात्र गिलाव्यापूर्वीचीच. नळाच्या व विजेच्या नळ्या आधी बसवून, पाण्याची नळी दाबाखाली तपासून, त्यांची मापे कागदावर उतरवावीत व छायाचित्र घ्यावे. नाहीतर कपाटाचा खिळा नेमका नळीत जातो. जेथे लाद्या बसणार तेथे गिलावा गुळगुळीत न करता खरबरीत ठेवावा. भिंतीला ओळंबा व कोपऱ्याला गुण्या लावून पाहावा, कारण कपाटे काटकोनी असतात, भिंती क्वचितच. गिलावा थापीच्या मुठीने ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून पुन्हा करावा. टांगत्या कपाटाचे वजन बारा-पंधरा मिलिमीटरच्या गिलाव्याने पेलावयाचे नसते; स्क्रू विटेत खोल गेला पाहिजे.

यंदा भिंत पुन्हा केली आहे. तिला पाच आठवडे झाले, आणि काल रात्री लावलेल्या प्लास्टिकच्या एका कोपऱ्यात आज सकाळी चार थेंब होते. सुताराला मी पंधरवड्यानंतर यावयास सांगितले आहे. तोवर स्वयंपाक पडवीतच चालेल.