आधी केस पाहा, मग ब्रश घ्या
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात लोणची-पापड, विणकाम, मुलांची दुखणी अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. यंदा मला कुत्र्याच्या केसांविषयी बोलायला सांगितले, तेव्हा काही जणी हसल्या. पण पाहा, कुत्रे पाळण्याची हौस असते मुलांची, सकाळी फिरवून आणतात घरातले पुरुष, आणि केस झाडणे, गोचिडी काढणे, अंथरुणे झटकणे येते आपल्या वाट्याला. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

आपल्या घरी केस विंचरायला कंगवा असतो आणि उवा काढायला फणी असते. एकाचे काम दुसरीने होत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे. दुकानात छान दिसेल तो ब्रश उचलून आणू नये. आधी कुत्र्याला जवळ घ्यावे, पाठीवरचे केस बोटांनी उलटे करावेत आणि मुळाशी काय आहे ते पाहावे. केस आखूड असून लगेच कातडी दिसली, तर ती पहिली तऱ्हा. वरच्या राठ केसांखाली कापसासारखी दाट लव दिसली, तर दुसरी. आणि केस आपल्या केसांसारखे वाढतच जात असतील, तर तिसरी.

पहिल्या तऱ्हेत आपले बहुतेक गावठी कुत्रे, तसेच करवानी आणि मुधोळचे शिकारी कुत्रे येतात. त्यांना खर्च सर्वांत कमी. रबरी दातांचा ब्रश किंवा तसलाच हातमोजा आठवड्यातून एकदा अंगावर हलके गोल गोल फिरवावा, म्हणजे मेलेले केस आणि धूळ निघते. मग ओलसर फडक्याने पुसून काढले की झाले. अशा कुत्र्याला तारेचा ब्रश लावू नये, कातडी ओरबाडते. करवानीतच पश्मी म्हणून एक प्रकार आहे. त्याच्या कानांना, पायांना आणि शेपटीला रेशमासारखी झालर असते. तेवढ्या झालरीला मात्र कंगवा हवा.

दुसऱ्या तऱ्हेत लॅब्रेडोर, अल्सेशियन आणि पांढरा झुबकेदार स्पिट्झ. स्पिट्झला आपल्याकडे सरसकट पॉमेरेनियन म्हणतात. लॅब्रेडोरचे केस आखूड, म्हणून त्याला काही लागत नाही असे पुष्कळांना वाटते. पण त्याच्या अंगावर आत दाट लव असते, आणि घरभर उडते ती तीच. ती काढायला शेतातल्या दाताळ्यासारखे एक लहान हत्यार मिळते, त्याला रेक म्हणतात. त्याचे दात बोथट असावेत. केस ज्या दिशेला पडतात त्याच दिशेने, जोर न लावता ओढावे. लॅब्रेडोरला वरून रबरी ब्रशही चालतो. स्पिट्झच्या लांब केसांना सुट्या लांब तारांचा, म्हणजे पिन ब्रश घ्यावा आणि शेवटी कंगवा फिरवावा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. ऋतू पालटताना लव फार गळते, तेव्हा रोज करावे. पात्याची हत्यारेही बाजारात आहेत, पण ती बेताने वापरावीत. फार ओढले तर वरचे चांगले केसही तुटतात.

इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगते. उन्हाळा आला की लोक म्हणतात, बिचाऱ्याला उकडत असेल, आणि अशा कुत्र्याची पार हजामत करून टाकतात. आमच्या शेजारच्या एका स्पिट्झची अशीच ऐन वैशाखात केली. कुत्रे गार होण्याऐवजी त्याची पाठ उन्हाने लाल झाली, आणि पुढे वर्षभर केस आले ते ठिकठिकाणी, विरळ. माणसाने मायेनेच केले होते, पण सोसले मुक्या जिवाने. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांना येतो. बाकी तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यानेच निवतो. वरचे केस त्याच्या अंगावर छपरासारखे असतात. छप्पर काढू नये, आतली मेलेली लव काढावी, म्हणजे वारा खेळतो. वैद्याने औषधासाठी कापायला सांगितले, तर गोष्ट वेगळी.

तिसरी तऱ्हा ल्हासा आप्सो, शिह त्झू आणि पूडल यांची. यांचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून लोक खूश असतात. पण न गळलेला केस आतच अडकतो आणि जट होते. यांना दोन वस्तू हव्यात. एक स्लिकर, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा चपटा ब्रश, आणि दुसरा पोलादी कंगवा, अर्धे दात विरळ नि अर्धे दाट असलेला. स्लिकर घेताना आधी आपल्याच हाताच्या आतल्या बाजूला फिरवून पाहावा. आपल्याला बोचला तर त्यालाही बोचणार. केस थराथराने बाजूला करून मुळापासून टोकापर्यंत विंचरावेत. नुसता वरवर ब्रश फिरवला तर वर रेशीम आणि खाली नमदा अशी गत होते. शेवटी कंगवा कातडीपासून न अडकता बाहेर आला, की काम पुरे समजावे. रोज इतका वेळ नसेल, तर या कुत्र्यांचे केस आखूड कापून घ्यावेत. यांना ते चालते.

जट कुठे होते ते लक्षात ठेवा. कानामागे, काखेत, मांडीच्या आत, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली. तिने कातडी सारखी ओढली जाते. पावसाळ्यात जटेखाली ओल राहते, जखम झाली तर दिसत नाही आणि त्यात किडे पडतात. म्हणून अंघोळीआधी विंचरावे, नंतर नव्हे. भिजली की जट अधिकच घट्ट होते. लहान गुंता बोटांनी आणि कंगव्याच्या टोकाने सोडवावा. मोठी जट कात्रीने कधी कापू नये, कातडी तिच्यात ओढून आलेली असते, चटकन कापली जाते. ते काम जनावरांच्या डॉक्टरांकडे किंवा जाणत्याकडे यंत्राने करून घ्यावे. अंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडे करावे. आपला साबण वापरू नये, त्याची कातडी वेगळी असते.

पिसवांसाठी बारीक दातांची फणी सर्वच कुत्र्यांना लागते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल किंवा फिनेल मुळीच लावू नये.

आणखी एक. एकमेकींकडे विरजण मागतो तसे कुत्र्याचे ब्रश मागू नयेत. नायटा एका कुत्र्याचा दुसऱ्याला होतो आणि आपल्या मुलांनाही होतो. ब्रश धुऊन उन्हात वाळवावा.

पाहाल तर कुठल्याही घरी फणीखेरीज दोन-तीनच वस्तू लागतात. डझनभर आणून कपाटात ठेवण्यापेक्षा त्या दोन-तीन नेमाने हातात घ्याव्यात. विंचरताना हात अंगभर फिरतो, तेव्हाच गाठ, जखम, गोचीड कळते. ते जनावर बोलून सांगत नाही. आपल्या हातालाच ते समजून घ्यावे लागते.