दुर्बीण एक, संशोधक जगभरचे

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकाच सीएनसी मशिनवर पाळ्या लावून अनेक कामं उरकली जातात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा वेळही असाच वाटून दिला जातो. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. वर्षातून दोनदा देशोदेशीचे संशोधक प्रस्ताव पाठवतात. तज्ज्ञ ते तपासतात आणि वेळवाटप समिती वैज्ञानिक गुणवत्तेवर निरीक्षणाचे तास ठरवते. निरीक्षणांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथं प्रदर्शन भरतं. आपल्या मुलांना ते जरूर दाखवा.