विपरीताचे दप्तर



संगणक-व्यावसायिकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे, आणि अधिवेशनासाठी नंदुरबारची निवड केलीत याबद्दल विशेष ऋणी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमांना भिडलेला, तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी व गुजरी आणि सातपुड्याच्या चढावर भिली व पावरी बोलणारा हा जिल्हा संगणकाच्या नकाशावर एका कोपऱ्यात आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने स्मरण ठेवावे की देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले. आज धडगावच्या स्वस्त धान्य दुकानात एखाद्या वृद्धेने अंगठा ठेवला म्हणजे होकार वा नकार दूरच्या डेटा सेंटरातून येतो. नकार आला तर तो अंगठ्याच्या ठशामुळे, जाळ्याच्या अडचणीमुळे, की पलीकडच्या यंत्रात काही विपरीत घडल्यामुळे, हे स्पष्ट कळणे तिच्या दृष्टीने त्या महिन्याच्या धान्याइतके महत्त्वाचे असते. यंत्र चालते तेव्हा त्याची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. ते अडते तेव्हा कोणत्या नियमाने अडावे आणि काय सांगून अडावे, याचा विचार करणारे विरळा. आजचे माझे विवेचन त्या विरळ विषयासंबंधी, आणि त्याच्याही सर्वांत खालच्या थराविषयी आहे.

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदत असल्याचा आभास निर्माण करणारा, प्रत्येकास त्याच्या वाट्याची स्मृती आणि प्रोसेसरचा वेळ नेमून देणारा आणि एकास दुसऱ्याच्या हद्दीत शिरू न देणारा जो कार्यक्रम, तो हायपरवायझर. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या ‘झेन’ या हायपरवायझरचा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला, ‘केव्हीएम’ हा दुसरा हायपरवायझर २००७ च्या आरंभी लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाला. सामान्य कार्यक्रम कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याची वासलात लावते, ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली तर हायपरवायझर शेजाऱ्यांना सांभाळतो. पण हायपरवायझरच चुकला तर त्याच्या वर दाद मागण्यास कोणी उरत नाही, आणि त्याच्या आश्रयाला असलेली सर्व यंत्रे एकदम बुडतात. म्हणून या थरातील दोषनिवारणाचा कोड हा त्याच्या अस्तित्वाचा अंतिम आधार होय.

हा कोड चालतो कसा, ते पाहू. ‘ही स्थिती कधीही येऊ नये’ असे लेखकाला जेथे वाटते, तेथे तो एक कसोटी ठेवतो. कसोटी फसली की प्रोसेसरने मुद्दाम अपवाद उत्पन्न करावा अशी एक आज्ञा तेथे पेरलेली असते. एक्स-८६ प्रोसेसरांवर ती ‘यूडी-२’ ही दोन बाइटांची आज्ञा असते, जिचा अर्थच मुळी ‘ही आज्ञा अवैध आहे’ एवढाच. ६४-बिटी आर्मवर ‘बीआरके’, आणि रिस्क-फाइव्हवर ‘ईब्रेक’. साधे फंक्शन न बोलाविता असा आडमार्ग पत्करण्याची कारणे दोन. पहिले असे की त्या एका आज्ञेने नेहमीच्या वाटेवर जागा जवळजवळ अडत नाही. दुसरे असे की अपवाद घडण्याच्या क्षणी सर्व रजिस्टरांत जे जसे होते ते तसेच्या तसे हाती लागते. दोषाचा तपशील, म्हणजे आज्ञेचा पत्ता, फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि फसलेल्या कसोटीचा मजकूर, एका निराळ्या तक्त्यात नोंदलेला असतो. झेनमध्ये अशा नोंदींचे चार प्रकार आहेत: अपवादाच्या अवस्थेतच एखादे फंक्शन चालवून परतणे, इशारा देऊन पुढे जाणे, दोष जाहीर करून थांबणे, आणि फसलेली कसोटी शब्दशः सांगून थांबणे. अपवाद घडला की हायपरवायझर तक्ता चाळतो, पत्ता जुळला की प्रकार पाहतो, आणि त्याप्रमाणे निकाल देतो.

आता आपल्या लक्षात येईल की यातील तक्ता, चार प्रकार, शोध आणि निकाल यांत प्रोसेसरच्या जातीचा संबंध कोठेच येत नाही. संबंध येतो तो पेरलेल्या आज्ञेशी आणि अपवाद दारात पोहोचण्याच्या रीतीशी. तरीही झेनमध्ये हा सारा मजकूर दीर्घकाळ एक्स-८६ च्या दालनात वेगळा आणि आर्मच्या दालनात वेगळा लिहिलेला होता. यात आळस नव्हता. झेनचे बालपण एक्स-८६ वर गेले. आर्मच्या नव्या आभासीकरण-सुविधांवर तो २०१३ च्या ४.३ आवृत्तीत प्रथम आला; आणि दोनच घरे असली म्हणजे दुसऱ्याने पहिल्याची नक्कल करून आपल्यापुरता फेरफार करणे हे सामायिक घर बांधण्यापेक्षा स्वस्त पडते. रिस्क-फाइव्हची स्थलांतराची कामगिरी सुरू झाली तेव्हा तिसरी नक्कल करण्याचा प्रसंग आला, आणि तेव्हा, २०२३ साली, हा भाग काढून सर्वांच्या सामायिक दालनात मांडला गेला. लिनक्सने हेच काम २००६ च्या अखेरीस केले होते, कारण तो तेव्हाच डझनाहून अधिक प्रोसेसर-जातींवर वावरत होता. या दोन तारखांतील अंतरात मला एक सिद्धान्त दिसतो, आणि तोच माझ्या भाषणाचा गाभा आहे: दोघांत साम्य कोणते आणि योगायोग कोणता, हे दोघांकडे पाहून कळत नाही, ते तिसरा आल्यावर कळते. म्हणून ज्यास सामायिक कोड लिहावयाचा आहे त्याने तिसरा येण्यापूर्वीच त्याची जागा राखून लिहावे.

आपल्या महसुली कारभारात याचे एक उत्तम उदाहरण आहे. वीज पडून गुरे दगावोत की पुरात घर वाहून जावो, घटना नवापुरात घडो की अक्कलकुव्यात, पंचनाम्याची कलमे एकच असतात: ठिकाण, वेळ, काय आढळले, पंच कोण. घटनास्थळी जाण्याची वाट मात्र तेथल्या मुलखाप्रमाणे ठरते, आणि ती सातपुड्यात व तापीकाठी एक असू शकत नाही. वाटेचा नकाशा पंचनाम्याच्या नमुन्यात छापू नये. आणि कलमे प्रत्येक तालुक्याच्या मर्जीवर सोडू नयेत. दोषनिवारणाच्या कोडची वाटणी नेमकी याच रेषेवर व्हावी, असे माझे प्रतिपादन आहे.

ही रेषा सांगणे सोपे, आखणे कठीण. अपवादाच्या दारांचेच घ्या. एक्स-८६ वर दोनशे छप्पन्न नोंदींचा तक्ता असतो आणि प्रत्येक जातीचा अपवाद आपापल्या दारातून आत येतो. ६४-बिटी आर्मवर सोळाच दारे असतात, आणि कारण एका स्वतंत्र रजिस्टरात वाचावे लागते. रिस्क-फाइव्हवर बहुधा सर्वांना एकच दार, आणि कारणाचा क्रमांक तेवढा वेगळा. जो सामायिक कोड ‘अमुक क्रमांकाच्या दारातून आला म्हणजे अमुक अपवाद’ असे गृहीत धरील, तो सामायिकतेचा अंगरखा घातलेला एक्स-८६ चाच कोड होय. तीच गोष्ट इशारा देऊन पुढे जाण्याची. पुढे जावयाचे म्हणजे पेरलेली आज्ञा ओलांडावयाची. पण किती ओलांडावयाची? एक्स-८६ वरील ती आज्ञा दोन बाइटांची, आर्मवरील चार बाइटांची, आणि रिस्क-फाइव्हवर संक्षिप्त आज्ञांची सोय असल्यास कधी दोन तर कधी चार. तेथे आज्ञेचे बिट वाचूनच तिची लांबी ठरवावी लागते. येथे सामायिक कोडने स्वतः मोजमाप करू नये. त्याने ‘हा इशारा होता, आता पुढे जावे’ एवढा निकाल द्यावा, आणि पाऊल किती लांब टाकावे हे त्या त्या प्रोसेसरच्या दालनावर सोपवावे.

याहून सूक्ष्म अडचण अपवादाच्या अवस्थेत चालवावयाच्या फंक्शनची. एक्स-८६ वर त्या फंक्शनचा पत्ता तक्त्यातच नोंदता येतो. आर्मवर कंपायलरच्या काही मर्यादांमुळे तो ठराविक रजिस्टरात घालून द्यावा लागला. हा फरक प्रोसेसरचा नसून साधनांचा आहे, आणि साधने सुधारली की तो नाहीसा होऊ शकतो. म्हणून वेगळेपणाची प्रत्येक नोंद करताना ती स्वभावगत आहे की परिस्थितिजन्य, हेही लिहून ठेवणे इष्ट. नाहीतर परिस्थिती पालटल्यावरही तो फरक परंपरेच्या बळावर जगत राहतो आणि पुढील पिढी त्यास निसर्गनियम समजते.

आता मूळ प्रश्न असा, की एवढा खटाटोप याच कोडसाठी का? उत्तर त्याच्या दुर्मिळतेत आहे. नेहमीच्या वाटेवरचा कोड सेकंदाला लक्षावधी वेळा चालतो. त्यातील चूक दुपारपर्यंत उघडकीस येते. दोषनिवारणाची वाट वर्षानुवर्षे निर्मनुष्य असते, आणि जेव्हा तीवर पाऊल पडते तेव्हा बाकीचे सारे आधीच बिघडलेले असते. अशा वाटेच्या तीन नकला ठेवल्या तर एकीत सुधारणा होते, दुसरीत ती करावयाची राहून जाते, तिसरीत ती अर्धीच होते. आणि हे कोणाच्या ध्यानी येत नाही, कारण ध्यानी येण्याचा प्रसंगच येत नाही. जे क्वचित चालते ते एकदाच लिहावे आणि वारंवार मुद्दाम चालवून पाहावे, हे व्रत आपण अंगीकारले पाहिजे.

मुद्दाम चालवून पाहण्याची सोय यंत्रसामग्रीच्या दोषांबाबत काही अंशी झालेली आहे. स्मृतीत बिट उलटला किंवा एखादा मार्ग निकामी झाला, तर एक्स-८६ ते ‘मशीन चेक’च्या रूपाने कळविते, आर्म आपल्या निराळ्या पद्धतीने; पण फर्मवेअरच्या प्रमाणित करारनाम्यात दोषाच्या नोंदीचा एक सामायिक नमुना ठरलेला आहे, आणि त्याच्या आधारे लिनक्समधील एकच चालक दोन्ही जातींच्या यंत्रांवर काम करतो. त्याच करारनाम्यात कृत्रिम दोष घालून पाहण्याची एक तरतूदही आहे, जिच्या योगे विपरीत घडण्याची वाट न पाहता ते घडवून आपला बंदोबस्त तपासता येतो. नोंद एक, उगम अनेक, आणि सराव नियमित: या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे व्यवस्था विश्वसनीय होते.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रास परका नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरांवर. पुढे १९९८ चा ‘परम १००००’ स्पार्क जातीवर, २००३ चा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर जातीवर, आणि २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर. ‘परम’ हे नाव टिकले, प्रोसेसर दर पिढीत पालटले. ट्रान्सप्युटरची तर निर्मितीच थांबली. ज्या देशाच्या हाती प्रोसेसरची निवड नेहमीच पूर्णपणे नसते, त्याने आपले कौशल्य एका प्रोसेसरच्या दाराशी गहाण टाकू नये, हा त्या इतिहासाचा दाखला आहे. आज परिस्थिती अधिकच बहुविध झाली आहे. बहुतेक डेटा सेंटरे एक्स-८६ वर आहेत. सी-डॅकने हाती घेतलेला ‘औम’ प्रोसेसर आर्मच्या गाभ्यावर आधारलेला आहे. तिरुअनंतपुरमच्या सी-डॅकचा ‘वेगा’ आणि मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ रिस्क-फाइव्हचे आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच दिशेने एक राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. रिस्क-फाइव्हच्या हायपरवायझर-विस्तारास २०२१ च्या अखेरीस मान्यता मिळाली, आणि त्यावरचा ‘केव्हीएम’ जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.१६ मध्ये आला. तिसरा पाहुणा आता दारात नाही, ओसरीवर आहे.

सामायिकतेवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उपेक्षणीय नाही. सामायिक दालनात एक चूक शिरली तर ती एकाच वेळी सर्व यंत्रांवर पसरते. शिवाय तेथील बारीकसा फेरफारही सर्व जातींच्या राखणदारांची संमती घेतल्यावाचून होत नाही, आणि काम रेंगाळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु पसरलेली चूक ज्या यंत्रावर प्रथम दिसते तेथे दुरुस्त झाली की सर्वत्र दुरुस्त होते, आणि विखुरलेली चूक तीन ठिकाणी तीनदा शोधावी लागते. संमतीतील विलंबाविषयी म्हणाल तर, जो नियम सर्वांना लागू व्हावयाचा त्यास सर्वांनी वाचावे यात मला दोष दिसत नाही. उलट आर्मच्या जाणकाराने विचारलेल्या एका प्रश्नाने एक्स-८६ च्या लेखकाचे मुरलेले गृहीतक उघडे पडते, हा त्या विलंबाचा मोबदलाच आहे. मात्र सामायिकतेचा हव्यास धरून जे मुळात भिन्न आहे त्यावर अटींची जाळी विणून ते एक असल्याचे भासवणे, हा दोष मी नकलांपेक्षाही गंभीर मानतो. सामायिक फाइलमध्ये प्रोसेसरचे नाव पुन:पुन्हा येऊ लागले की रेषा चुकीच्या जागी आखली गेली असे खुशाल समजावे.

नंदुरबार, शहादा, तळोदा येथील विद्यार्थ्यांना मी शेवटी दोन शब्द सांगू इच्छितो. या कामासाठी महागडी यंत्रे जवळ असावी लागतात असा समज आहे. तो खरा नाही. ‘क्यूएमू’ हा मुक्त कार्यक्रम साध्या लॅपटॉपवर आर्म आणि रिस्क-फाइव्ह या दोहोंची नक्कल करतो. रिस्क-फाइव्हचा हायपरवायझर-विस्तारही त्यात आहे. झेन आणि लिनक्स यांचा संपूर्ण कोड कोणासही वाचावयास खुला आहे. आपण त्यात मुद्दाम एक कसोटी फसवावी, तिन्ही जातींवर ती चालवावी, आणि पडद्यावर उमटलेल्या तीन निवेदनांत फाइल, ओळ आणि कारण सारखे येते की नाही ते ताडून पाहावे. जेथे फरक दिसेल तेथे तो स्वभावाचा की सवयीचा, हे शोधून काढावे आणि सवयीचा असल्यास पॅच लिहून पाठवावा. तो स्वीकारला जाण्यापूर्वी दहा प्रश्न विचारले जातील, त्यांची उत्तरे देताना जे शिक्षण होईल ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. परिषदेने असा सराव पुढील अधिवेशनापर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक संगणक-विभागात सुरू करावा, असा ठराव मी आपणापुढे ठेवीत आहे. त्यावर आपण साधकबाधक चर्चा करावी ही विनंती करून मी अधिवेशनाच्या कामकाजास प्रारंभ झाल्याचे जाहीर करतो.